दिवसाला दोन पानं : एस. ई. हिंटन

शाईचा_डाग

'सोळाव्या वर्षी कादंबरी लिहिणारी मुलगी' एवढ्यावर एस. ई. हिंटनची ओळख सगळीकडे उरकली जाते. त्यात खोटं काही नाही. पण मला तिच्या आयुष्यातला जो भाग जवळचा वाटतो तो ही ओळ संपल्यावर सुरू होतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलताना दिसत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सुझन एलॉइज हिंटन, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा हे तिचं गाव. शाळा विल रॉजर्स हायस्कूल. शाळेत पोरांचे दोन तट होते. एकीकडे गरीब घरांतले, केस वाढवून तेल चोपडणारे 'ग्रीझर्स', दुसरीकडे पैसेवाल्या घरांतले, गाड्या उडवणारे 'सोशेस'. हिंटन दोन्हींत नव्हती, पण मैत्री ग्रीझर्सशी होती. त्यातल्या एका मित्राला घरी चालत जाताना काही पोरांनी बेदम मारलं. कारण एवढंच की तो ग्रीझर होता. पंधरा वर्षांच्या मुलीने त्या संतापात लिहायला घेतलं, आणि त्याची पुढे कादंबरी झाली : 'द आउटसायडर्स'.

लिहायचं आणखी एक कारण होतं. मुलांना वाचायला जे मिळत होतं त्यात शाळेचा नाच, त्याला कुणाबरोबर जायचं, झगा कुठला घालायचा, याच्यापुढे जग नव्हतं. ती बघत होती ते वेगळंच होतं. १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पुस्तक पुरवणीत तिने यावर लेखही लिहिला.

बहुतेक मजकूर सोळाव्या वर्षी झाला. त्याच काळात वडिलांना मेंदूत गाठ झाली आणि ते गेले. घरात आजारपण आणि ही टाइपरायटरवर. त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला 'डी' मिळाला! (हा किस्सा ती स्वतःच सांगते, नाहीतर मी विश्वास ठेवला नसता.) एका मैत्रिणीची आई मुलांसाठी लिहायची, तिच्याकडून न्यूयॉर्कच्या एका एजंटचं नाव कळलं, बाड टपालाने गेलं, आणि शाळेच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी वायकिंग प्रेसचा करार हातात पडला. २४ एप्रिल १९६७ ला पुस्तक आलं तेव्हा ती टल्सा विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढे काय झालं? पुढे ती अडकली.

पुस्तकाचा बोलबाला, 'तरुणांचा आवाज' वगैरे बिरुदं, आणि इकडे आवाजाला कंठ फुटेना. तीन-चार वर्षं काही लिहून झालं नाही. पहिलं पुस्तक लिहिताना कुणी वाचेल हे डोक्यातच नव्हतं. आता प्रत्येक वाक्य टाइप करायच्या आधी हजार लोक खांद्यावरून बघताहेत असं वाटत असणार. ज्याने एकदा चारचौघांत शाबासकी मिळवली आणि दुसऱ्यांदा तीच गोष्ट करायला गेला, त्याला हे लगेच कळेल.

तिला यातून बाहेर काढलं डेव्हिड इनहॉफ या तिच्या मित्राने. जीवशास्त्राच्या वर्गात ओळख झालेली. तोडगा अगदी बाळबोध : रोज दोन पानं. संध्याकाळी फिरायला न्यायला तो आला आणि पानं झालेली नसली तर बाहेर जायचं नाही, बास. उत्तम पानं हवीत असं काही नाही, नुसती दोन. अशी दोन-दोन पानं साठत 'दॅट वॉज देन, धिस इज नाऊ' तयार झालं. दोघांचं लग्न १९७० च्या सप्टेंबरमध्ये झालं, पुस्तक १९७१ ला आलं. मग १९७५ ला 'रंबल फिश', १९७९ ला 'टेक्स'. तारखा बघा, बरोब्बर चार-चार वर्षांनी एक.

मला विजेच्या लखलखाटापेक्षा हे चार-चार वर्षांचं रुटुखुटू काम जास्त भारी वाटतं. तुम्हाला?

---

वाचनवेडी

मस्त लिहिलंय. कबुली देते, मी 'द आउटसायडर्स' वाचून संपवलं तरी लेखक पुरुष आहे अशाच समजुतीत होते. निवेदक पोनीबॉय चौदा वर्षांचा मुलगा, सगळी टोळी मुलांची, मारामाऱ्या. मागचं पान उलटल्यावर कळलं की बाई आहेत!

पण ती आद्याक्षरं मला खुपतात. सुझन म्हणून छापलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

---

शाईचा_डाग

आभाळ नाही, पण परीक्षण कोसळलं असतं अशी प्रकाशकाला भीती होती. मुलीने मुलांच्या टोळीवर लिहिलंय म्हटल्यावर परीक्षक पुस्तक उघडायच्या आधीच नाक मुरडतील, म्हणून एस. ई. खुद्द हिंटनबाईंना पुढे ते सोयीचंच वाटलं. जगासाठी एक नाव, घरासाठी एक. टल्सात त्या भाजी घ्यायला गेल्या तर सुझन इनहॉफ.

---

वाचनवेडी

सोय झाली म्हणून मुळातला अन्याय बरोबर ठरत नाही हो. असो, तुमच्या धाग्यात माझं भांडण नको.

---

तिरकस

मी विरोधी पक्षात बसतो, कुणीतरी बसायला हवं.

एक. हे 'पहिलं कुमारवयीनांचं पुस्तक' प्रकरण फार ताणलं जातं (धागाकर्त्याने तसं म्हटलेलं नाही, पण धागा वाढला की कुणीतरी म्हणेलच). मॉरीन डेली नावाच्या मुलीने कॉलेजात असताना लिहिलेली 'सेव्हन्टीन्थ समर' १९४२ ची आहे. म्हणजे 'विद्यार्थिनीने लिहिलेली किशोरवयाची कादंबरी' हा प्रकार पंचवीस वर्षं जुना.

दोन. पुस्तक म्हणून ते रडकं आहे. भावांची नावं पोनीबॉय आणि सोडापॉप! आईबाप अपघातात गेलेले, एक सोश भोसकला जातो, चर्चला आग, एक मित्र भाजून मरतो, दुसरा रिकामं पिस्तूल रोखून पोलिसांच्या गोळ्या अंगावर घेतो. दोन आठवड्यांत किती माणसं मारायची? आणि सगळे कवी. सूर्यास्त काय बघतात, रॉबर्ट फ्रॉस्ट काय म्हणतात.

(ज्यांना वाचायचंय त्यांचा रसभंग केल्याबद्दल क्षमस्व, पण पुस्तकाने पन्नाशी कधीच ओलांडली आहे.)

---

शाईचा_डाग

पहिल्या मुद्द्यावर माघार. डेली आधी होती. फरक एवढाच की 'सेव्हन्टीन्थ समर' ही एका उन्हाळ्यातली प्रेमकथा आहे. हिंटननंतर मात्र दार उघडल्यासारखं झालं. १९६८ ला पॉल झिंडेलचं 'द पिगमन', १९७४ ला रॉबर्ट कॉर्मिएचं 'द चॉकलेट वॉर'. मुलांच्या पुस्तकात मरण, क्रूरपणा, हरणं चालतं असं प्रकाशकांना वाटू लागलं.

दुसऱ्या मुद्द्यावर नाही. रडकं आहे, मान्य, सोळा वर्षांच्या मुलीने बाप जात असताना लिहिलंय, रडकं नसेल तर काय असेल. पण शेवटाकडचा तो बाटलीचा प्रसंग आठवा. पोनीबॉय दुकानाबाहेर शीतपेय पीत बसलाय. तीन सोश दमदाटी करत येतात. एरवी भेदरणारा हा पोरगा बाटली आपटून फोडतो, फुटकी मान हातात धरतो आणि थंडपणे चालते व्हा म्हणतो. ते जातात. मित्रांच्या पोटात गोळा येतो, की हाही आता निबर झाला. आणि पुढच्याच क्षणी हा खाली बसून जमिनीवरच्या काचा वेचायला लागतो. कुणाच्या गाडीचं टायर पंक्चर व्हायला नको म्हणून!

लेखिका तिथे एका शब्दाने समजावत नाही. पोरगा वाचलाय हे काचा वेचण्यातून कळतं. हे सोळाव्या वर्षी सुचणं म्हणजे काय ते सांगा.

---

तिरकस

बाटलीचं विसरलो होतो. नावांबद्दलची तक्रार कायम.

---

फळा_खडू

मी इंग्रजी शिकवते, मुलांबरोबर हे पुस्तक अनेकदा वाचलंय, त्यामुळे थोडं लांबेल.

हे पुस्तक आल्या आल्या धो धो खपलं असा समज आहे, तसं नव्हतं. कागदी बांधणीची आवृत्ती आधी औषधाच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवर इतर सटरफटर पुस्तकांबरोबर लावली होती, तिथे ती फारशी हलली नाही. मग लक्षात आलं की मागणी शाळांकडून येतेय, शिक्षक वर्गात वाचून घेताहेत. वाचायचा कंटाळा असलेली मुलं, विशेषतः मुलगे, हे पुस्तक संपवत होते. तिथून ते जे चाललं ते आजवर थांबलेलं नाही. दीड कोटीच्या आसपास प्रती गेल्यात. म्हणजे धागाकर्त्याने डेव्हिडला श्रेय दिलं तसं थोडं आमच्या जमातीलाही द्या!

गंमत म्हणजे एकीकडे शाळा लावत होत्या आणि दुसरीकडे काही गावांत पालक काढायला लावत होते. मारामाऱ्या, दारू, सिगारेटी, मोडकी घरं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९० च्या दशकातल्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांची यादी केली, त्यात हे आहे.

वर्गातला अनुभव सांगते. शेवटच्या पानावर नेहमी एक शांतता होते. पोनीबॉयला इंग्रजीच्या तासाला निबंध लिहून द्यायचा असतो, नाहीतर नापास. तो पेन उचलतो आणि पहिलं वाक्य लिहितो, आणि ते वाक्य म्हणजे पुस्तकाचं पहिलंच वाक्य, चित्रपटगृहाच्या अंधारातून उन्हात बाहेर आल्याचं. दोन-तीन सेकंदांनी कुणीतरी मागे पानं उलटायला लागतं. मग सगळ्या वर्गात पानांचा आवाज. "म्हणजे आपण वाचला तो निबंध होता?" हा प्रश्न मला दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा करते.

ज्या मुलीला लेखनात 'डी' मिळाला तिने सगळं पुस्तकच शाळेचा गृहपाठ म्हणून रचलं, ही चपराक तिने ठरवून मारली की आपोआप बसली कुणास ठाऊक.

---

अर्धविराम

फळा_खडू, पानं उलटण्याचा तो आवाज इथपर्यंत आला.

---

पडद्यामागे

कुणी चित्रपटाबद्दल बोललंच नाही अजून! मी आलो.

'द आउटसायडर्स' पडद्यावर आला तोही शाळेमुळेच. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ लोन स्टार नावाची शाळा, तिथल्या ग्रंथपाल जो एलन मिसाकियन. १९८० मध्ये त्यांनी फ्रान्सिस फोर्ड कपोलाला पत्र लिहिलं, की आमच्या मुलांच्या मते या पुस्तकाचा चित्रपट तुम्ही करावा. सोबत मुलांच्या सह्या आणि पुस्तकाची प्रत. हा माणूस तेव्हा 'गॉडफादर' आणि 'अपॉकलिप्स नाऊ' करून बसलेला, त्याला सातवी-आठवीची पोरं काम सांगताहेत! पत्र गेलं भलत्याच पत्त्यावर, न्यूयॉर्कला. पण तिथे त्याच्या नावाची टपालाची रास नव्हती, म्हणून ते नजरेत भरलं. निर्माता फ्रेड रूस ते पुस्तक बरेच दिवस नुसतं बॅगेत घेऊन हिंडत होता. शेवटी विमानात दहा पानं चाळू म्हणून उघडलं आणि पूर्ण वाचून काढलं.

चित्रीकरण टल्सातच झालं. चित्रपट १९८३ चा. पोरांची यादी बघा : मॅट डिलन, पॅट्रिक स्वेझी, रॉब लो, राल्फ माचियो, एमिलिओ एस्तेवेझ, टॉम क्रूझ. तेव्हा यातले बहुतेक नवखे होते. शेवटच्या श्रेयनामावलीत चित्रपट मिसाकियनबाई आणि लोन स्टारच्या विद्यार्थ्यांना अर्पण केलाय.

हिंटनबाई चित्रीकरणावर नुसत्या पाहुण्या नव्हत्या. इस्पितळातली नर्स म्हणून क्षणभर दिसतातही. आणि सुटीच्या रविवारी त्या आणि कपोला बसून 'रंबल फिश'ची पटकथा लिहीत होते. तोही १९८३ लाच आला, तिथेच चित्रित केलेला. कृष्णधवल, फक्त मासे रंगीत. माझ्या मते दोन्हींत तो जास्त धाडसी आहे. चालला मात्र नाही.

'टेक्स' त्याआधी, १९८२ ला, डिस्नेने केलेला. त्यात मॅट डिलन ज्या घोड्यावर बसतो तो हिंटनबाईंचा स्वतःचा घोडा.

अवांतर : 'आउटसायडर्स'ची २००५ ची लांब आवृत्ती बघा. बावीस मिनिटं जास्त आहेत, पुस्तकाची सुरुवात आणि शेवट त्यात परत आलेत. १९८३ च्या आवृत्तीत ते कापले होते, त्यामुळे फळा_खडू यांनी सांगितलेलं ते वर्तुळ नीट पूर्णच होत नव्हतं.

---

उंबरठा

घोड्याचा किस्सा माहीत नव्हता. धन्यवाद.

मला एक विचारायचंय. १९६७ ते आज, आणि कुमारांसाठी पुस्तकं मोजून पाच? एका जबरदस्त पुस्तकावर आयुष्यभर नाव चाललं असं म्हटलं तर चूक आहे का? राग मानू नका.

---

शाईचा_डाग

राग कसला. आकडा बरोबर आहे. 'टेक्स'नंतर नऊ वर्षांनी, १९८८ ला, 'टेमिंग द स्टार रनर'. मग १९९५ ला लहान मुलांसाठी दोन, २००४ ला मोठ्यांसाठी 'हॉक्स हार्बर', २००७ ला कथासंग्रह. एवढंच.

पण 'टेक्स' आणि 'स्टार रनर'च्या मधे काय आहे बघा. चार चित्रपट (चौथा 'दॅट वॉज देन', १९८५ चा) आणि १९८३ ला मुलगा. आधीची चारही पुस्तकं 'मी' म्हणत एका पोराच्या डोक्यात शिरून लिहिलेली. पाचवं पहिल्यांदाच 'तो' म्हणून लिहिलं. त्यामागचं कारण त्यांनी सांगितलंय : घरात लहान मूल असताना दुसऱ्या कुणाच्या मनात इतकं खोल शिरून राहण्याएवढी जागा आपल्यात उरत नव्हती. बाळाच्या आईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि त्या पाचव्या पुस्तकाचा नायक ट्रॅव्हिस कोण? काकाच्या घोड्यांच्या तबेल्यावर पाठवलेला पंधरा वर्षांचा वांड पोरगा, ज्याने कादंबरी लिहिलीय आणि ती प्रकाशकाने घेतलीय! वीस वर्षांनी बाई स्वतःच्याच गोष्टीकडे परत आल्या, पण या वेळी बाहेरून बघत. मला नाही वाटत एका पुस्तकावर तरलेला माणूस हे करेल.

त्याच वर्षी, १९८८ ला, कुमारसाहित्यातल्या एकूण कामगिरीचा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. तोही आधीच्या चार पुस्तकांसाठी.

---

उंबरठा

ट्रॅव्हिसबद्दल ठाऊक नव्हतं. तरी मी म्हणेन की नाव पहिल्यावरच आहे. दुकानात बाकीची चार दिसतात तरी का?

---

शाईचा_डाग

नाही दिसत. तिथे तुमचं बरोबर आहे, आणि त्याचं वाईटही वाटतं.

---

अर्धविराम

मी दोन वर्षं काही लिहिलेलं नाही. कारणं द्यायची तर खूप आहेत. दोन पानांचं वाचून एक शंका आली. समजा दोन पानं भिकार झाली तर दुसऱ्या दिवशी ती सुधारायची की पुढे जायचं? कारण माझी गाडी तिथेच रुतते. पहिल्या पानाच्या अकरा आवृत्त्या आहेत माझ्याकडे. दुसरं पान नाही.

---

शाईचा_डाग

पुढे जायचं. 'दॅट वॉज देन'चा ढीग पुरेसा उंच झाल्यावर त्यांनी तो तसाच पाठवून दिला, म्हणतात, फार डागडुजी न करता. आणि ते पुस्तक वाचताना कळतंही. वाक्यं मोजूनमापून आलेली आहेत, पहिल्या पुस्तकाचा धबधबा नाही. काहींना त्यामुळेच ते थंड वाटतं. मला शेवटाला ते अंगावर येतं : ब्रायन आपल्या भावासारख्या मित्राला, मार्कला, अमली पदार्थ विकतो म्हणून पकडून देतो, आणि त्यानंतर त्याला कशाचंच काही वाटेनासं होतं. न लिहिता घालवलेल्या त्या वर्षांचा बधिरपणा त्या शेवटात आलाय असं मला वाटतं. पुरावा मागू नका.

---

तिरकस

पुरावा मागणारच होतो.

---

पडद्यामागे

ताजं काहीतरी : 'द आउटसायडर्स'वरची संगीतिका २०२४ मध्ये ब्रॉडवेवर आली आणि सर्वोत्कृष्ट संगीतिकेचं टोनी (अमेरिकी रंगभूमीचं मोठं) पारितोषिकही घेऊन गेली. शिवाय चित्रपटात कर्टिस भावांचं (म्हणजे पोनीबॉय, सोडापॉप यांचं) म्हणून दाखवलेलं टल्सातलं घर पडायला आलं होतं. डॅनी ओकॉनर या रॅपरने ते २०१६ ला विकत घेतलं, दुरुस्त केलं, आणि २०१९ पासून ते संग्रहालय आहे. हिंटनबाई अजूनही टल्सातच राहतात.

---

वाचनवेडी

ग्रीझरच्या घराचं संग्रहालय! डॅली (तोच, रिकामं पिस्तूल रोखणारा) तिथे तिकीट काढून आत गेला असता का? खिडकीतून.

शाईचा_डाग, आता क्रम सांगा. पहिलं वाचलंय. पुढचं कुठलं?

---

शाईचा_डाग

'रंबल फिश' छोटं आहे, एका बैठकीत होतं, पण पहिल्यासारखं काही मिळेल या आशेने घेतलंत तर आपटाल. निवेदक रस्टी-जेम्स स्वतःलाच नीट न कळणारा, आणि सगळं पुस्तक त्याच्या भावाभोवती, ज्याला नाव नाही, नुसता 'मोटरसायकल बॉय'. मी ते तिसरं वाचेन.

आधी 'दॅट वॉज देन' घ्या. त्यात पोनीबॉय पुन्हा भेटतो, फक्त या वेळी बाहेरून. ब्रायनला तो अजिबात आवडत नाही, कारण ब्रायनची आधीची मैत्रीण अँजेला त्याच्यावर भाळलेली असते. ज्या पोराच्या डोक्यात बसून आपण अख्खं पुस्तक काढलं, तोच इथे कुणाच्या तरी डोळ्यांत सलणारा शहाणा पोरगा होऊन उभा असतो.

---

तिरकस

पोनीबॉय न आवडणारा निवेदक? हे आधी सांगायचं की राव. मागवतो.